घागरीतला लांडगा

लातूर
माघातला रविवार, दुपार

प्रिय आलोक,

माझं अक्षर बघून तुला आधी हसू येईल. चौथीत तुझ्या आईनं, म्हणजे आपल्या वर्गाच्या बाईंनी, आपल्याला शेजारी बसवलं ते माझं अक्षर तुझ्यासारखं व्हावं म्हणून, आणि झालं उलटंच, तुझंच बिघडलं. त्यावरून तुझ्या आईचा मार तू खाल्लास, मी नाही, हे मी लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सुलतानबीला रंगवून सांगतो. इतक्या वर्षांत मी तुला कागदावर कधी लिहिलं नाही. फोनवर ‘कसा आहेस’, ‘मजेत’, झालं. पण फोनवर तुझ्यामागे कायम कुणीतरी बोलत असतं, आणि मला सांगायचं आहे ते मधेच तोडता येण्यासारखं नाही. बाई बऱ्या आहेत, घाबरू नकोस. लिहायचं आहे ते त्यांच्याविषयीच, त्यांच्या डोळ्यांविषयी, आणि मी करून बसलेल्या एका गोष्टीविषयी. हात मात्र एकदम तिकडे वळत नाही. आधी अक्काचं सांगतो, कारण तिचं कळलं नाही तर माझंही तुला कळणार नाही.

अक्का म्हणजे मी जिथं राखणीला होतो त्या प्राण्यांच्या बागेतली लांडगीण. तू तिला एकदा पाहिलं आहेस. तुझी इरा तेव्हा पाच वर्षांची होती, पिंजऱ्यापुढे उभी राहून तिनं विचारलं होतं की ही कुत्री कुणाची आहे. तू हसलास. मला राग आला होता, पण पाहुण्याच्या लेकराला काय बोलणार. पाटीवर ‘भारतीय लांडगा, मादी’ एवढंच लिहिलेलं होतं. अक्का हे नाव महादेवप्पाचं. हा देवणीकडचा गुरं राखणारा माणूस, बारा वर्षांपूर्वी येळवसेच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन बागेच्या फाटकात उभा राहिला. टोपलीत घोंगडीचा तुकडा आणि त्यात मुठीएवढं काळपट पिल्लू. आदल्या दिवशी सगळं गाव रानात भज्जी-आंबील खायला गेलेलं, माळावर पोरंसोरं, कुत्री, चुलींचा धूर. त्या गलक्यात ओढ्याकाठच्या बिळातून लांडगीण पळाली. “माय पळून गेली, लेकरू येकटंच व्हतं सायेब, कुत्र्यानं फाडलं असतं, म्हनून उचललं,” असं महादेवप्पा मला म्हणाला, आणि जाताना टोपलीत वाकून, “चलतो अक्का,” असं तिलाही म्हणाला. मला कुणी साहेब म्हटल्याचा तो पहिलाच दिवस, त्यामुळे मी जास्त काही विचारलं नाही. पुढे पुस्तकांतून आणि डॉक्टरांकडून कळलं की माणसं घरी गेली की लांडगीण पिल्लांकडे परत येते. त्या संध्याकाळी ती आलीच असणार. माळावर गार पडलेल्या चुली असतील, आंबिलीचा वास असेल, आणि बीळ रिकामं. हे मी महादेवप्पाला कधी सांगितलं नाही. तो दर येळवसेनंतर तिला बघायला यायचा आणि जीव वाचवल्याच्या आनंदात परत जायचा.

सुलतानबीनं तिला शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं. दोन महिने ती आमच्या घरात चुलीमागे झोपली, मग पिंजऱ्यात गेली. पिंजरा म्हणजे वीस पावलं लांब आणि बारा रुंद, मागे सिमेंटची गुहा, कडेला एक कडुनिंब. सुरुवातीला मला तो बंगला वाटायचा, आमच्या घरापेक्षा मोठाच होता. दुसऱ्या वर्षापासून ती चालू लागली. गुहेपासून फाटकाच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून वळून परत, दिवसभर, एकाच रेषेवर. फरशीवर त्या वाटेचा वेगळा रंग उमटला. आणि हिवाळ्यात, दिवे लागायच्या जरा आधी, ती तोंड वर करून ओरडायची. ओरडून झालं की कान टवकारून थांबायची. रिंग रोडवरून ट्रक जायचे, मशिदीची अजान व्हायची, देवळातली घंटा वाजायची. ती ते सगळं ऐकून घ्यायची, आणि मग पुन्हा चालू लागायची.

ज्या उन्हाळ्यात आपल्याकडे रेल्वेनं पाणी आलं, तेव्हाची गोष्ट. तू तिकडून रोज फोन करून विचारायचास की आंघोळ तरी होते का, आणि मी म्हणायचो, मला कधी आवडायची! बागेत चिटपाखरू नव्हतं. हरणांना टँकरचं पाणी मोजून, झाडं वाळून कोळसा झालेली. पिंजऱ्यामागची मोठी टाकी कोरडी पडली म्हणून मी आत उतरून गाळ काढत होतो. वर आभाळाचा चौकोन तांबडा झाला होता. तेवढ्यात अक्का ओरडली. का कुणास ठाऊक, मीही ओरडलो. रिकाम्या टाकीत माझा आवाज असा काही घुमला की मलाच दचकायला झालं. तो माझा वाटलाच नाही, लांब माळापलीकडून आल्यासारखा वाटला. बाहेर एकदम शांतता पडली. मी शिडीवरून डोकं काढून पाहिलं तर अक्का उभी होती, कान पुढे, शेपूट स्थिर, आणि टाकीच्या दिशेला बघत होती. मग ती पुन्हा ओरडली. मी खाली उतरून उत्तर दिलं. आम्ही दोघं किती वेळ तसं करत होतो देव जाणे. त्या संध्याकाळी ती त्या रेषेवर चालली नाही. कडुनिंबाखाली पुढचे पाय पसरून बसली आणि झोपली.

त्या दिवसापासून माझा तो नेमच झाला. पावसाळ्यात टाकी भरली तेव्हा मी घरून जुनी तांब्याची घागर आणली. टाकीच्या आडोशाला बसायचं, घागरीत तोंड घालायचं आणि लांडगा व्हायचं. हसू नकोस. चौकीदाराला वाटलं मी पिऊन येतो. सुलतानबी म्हणायची, “घर में मुँह से बात नई निकलती, और उधर जाको गला फाड़ते!” पण तुला खरं सांगू, ती अर्धी घटका मला दिवसभरातली सगळ्यात आवडती होती. ऊन उतरलेलं, हवेत वाळल्या गवताचा आणि ओल्या फरशीचा वास, आणि डोळे मिटले की मी बागेत नसायचोच. देवणीचा माळ दिसायचा, पिवळं कुसळी गवत गुडघ्याएवढं, त्यातून लांडग्यांच्या पाच-सहा पाठी चाललेल्या, नुसत्या पाठी, आणि त्यांतली एक माझी. जुना सरकारी चष्मा लावलेला, गुडघेदुखीवाला मी, माळावर धावतोय. मला वाटायचं की अक्कालाही तेच दिसत असेल. भिंतीपलीकडे आपलं कुणीतरी आहे, आज नाही तर उद्या येईल, असं ती धरून चालली असेल, आणि तेवढ्यावर तिचा दिवस जात असेल.

आता माझी चूक ऐक. आठ वर्षांपूर्वी बाहेरून तपासणीची मंडळी आली. लांडगा कळपात राहणारा जीव, एकटा ठेवला तर झिजतो, त्याला मोठ्या केंद्रात हलवायला हवं असं त्यांच्यातल्या एका बाईंचं म्हणणं होतं. त्यांनी मला विचारलं, ही येरझाऱ्या घालते का? मी म्हटलं, नाही. खरंच घालत नव्हती. रात्री ओरडते का? नाही. खाणं? नीट. माझ्या नोंदवहीत पानोपान ‘स्वभाव शांत’ लिहिलेलं होतं, तेही मी दाखवलं. त्या बाई फरशीवरच्या जुन्या वाटेकडे बराच वेळ बघत राहिल्या, पण मी ती घासून घासून फिकी केली होती. त्यांनी लिहिलं की प्राणी रुळलेला आहे, हलवण्याची घाई नाही. ते गेल्यावर मी पेढे वाटले. घागरीचं मी त्यांना बोललो नाही. लाज वाटली म्हणून नाही बोललो असं तेव्हा मनाला सांगितलं. खरं कारण हे की ती गेली असती तर मी संध्याकाळी काय केलं असतं? माझ्या त्या प्रेमानं ती आणखी आठ वर्षं एकटी राहिली. चार वर्षांची होती तेव्हा, कळपात गेली असती, पिल्लं झाली असती. आता बारा वर्षांची म्हातारी आहे.

तू म्हणशील, बाहेर तरी काय ठेवलंय? हे मीही म्हणत आलो. माळ नांगरले गेले, उरलेल्यावर प्लॉटचे दगड लागले. उदगीरच्या रस्त्यावर गाडीखाली गेलेला लांडगा मी स्वतः पाहिला आहे. शेळ्या मारल्या म्हणून विष घालतात, आणि शेळीवाल्याचंही काही खोटं नसतं. इथं तिला रोज मांस होतं, डॉक्टर होता, उन्हाळ्यात पोत्याचे पडदे होते. शाळांच्या सहली यायच्या, शंभरातलं एखादं पोर खडा मारायचं सोडून नुसतं बघत उभं राहायचं, आणि मला वाटायचं की या एकासाठी तरी हे ठीक आहे. पण ते पोर दहा मिनिटांत डबा खायला जायचं. अक्का तिथंच असायची. या हिशेबात तिची बाजू मांडायला कुणीच नव्हतं, आणि मी होतो तो घागरीत तोंड घालून बसलेलो.

तुला कळलंच असेल की बाग बंद झाली. जागा अपुरी, असा हुकूम आला. हरणं गेली, मोर गेले, शेवटी येळवस झाल्यावर आठवड्यानं अक्काची गाडी आली. केंद्र माहूरच्या पुढे, डोंगर उतरून पलीकडे आहे. मी सोबत गेलो. शिवशंकर म्हणून गाडी चालवणारा होता, गप्प माणूस, पण खड्डा आला की आधी मागे वळून बघायचा. पहाटे भोकरला चहाला थांबलो. धुकं इतकं होतं की हरभऱ्याची रानं दिसत नव्हती, नुसता त्यांचा आंबट वास येत होता. ताडपत्री उचलून पाहिलं तर अक्का उभी होती, जाळीला नाक लावून, आणि तिच्या नाकपुड्या सारख्या हलत होत्या. बारा वर्षांत तिनं रान पाहिलंच नव्हतं रे. टोपलीतून आली तेव्हा डोळे जेमतेम उघडलेले. माहूरच्या घाटात सागाची वाळली पानं गाडीवर पडत होती, खाली रेणुकामाईच्या यात्रेकरूंच्या जीपा, आणि मला सारखं वाटत होतं की मी झोपेत आहे आणि कुणीतरी मला उठवेल. मी शिवशंकरला म्हटलंही, जरा हळू घे. तो म्हणाला, “हळूच घेऊन राहिलो, चाचा.”

केंद्रात वर्षाराणी नावाच्या डॉक्टर आहेत, आपल्याला मुलगी शोभेल अशा वयाच्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं की हिला मोकळ्या रानात सोडता येणार नाही, ती माणसाकडे तोंड करून जगायला शिकली आहे. इथंही कुंपण आहे, फक्त लांब आहे. आधी महिनाभर वेगळी, मग जाळीआडून इतरांची ओळख, आणि त्यांनी घेतलं तर घेतलं. मी मान हलवत राहिलो. संध्याकाळ झाली. गवताचा मोठा उतार होता, त्यावर ऊन आडवं पडलेलं, आणि त्या गवतात कुठेतरी पाच लांडगे होते, दिसत नव्हते. त्यांतला एक ओरडला. मग दुसरा. मी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. अक्का जागची हलली नाही. तिच्या मानेवरचे केस हळूहळू उभे राहिले. आणि मग ती ओरडली. आलोक, तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. खोल, लांब, मधे तुटणारा, पुन्हा जुळणारा. अकरा वर्षं माझ्या घागरीला ती जे द्यायची ते हे नव्हतं. मला ती काहीतरी छोटं, समजुतीचं द्यायची. म्हणजे पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. टाकीमागे नजीर बसला आहे, तो आपल्यासाठी ओरडतो आहे, तर त्याला उत्तर द्यावं, एवढंच. मी तिला फसवत नव्हतोच, तीच मला सांभाळून घेत होती. मी तिथं गवतात बसून रडलो. वर्षाराणी डॉक्टरांनी पाण्याची बाटली दिली.

परत आल्यावर हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्यांच्याकडे मी रोज दुपारी जातो, तुला ठाऊक आहे. तुझे बाबा, आपले सर, गेल्यावर तू त्यांना बेंगळुरूला नेलंस, चौदाव्या मजल्यावर, सगळं वेळेवर, सगळं हाताशी, आणि तीन महिन्यांत त्या परत आल्या. तू दुखावलास. मलाही तेव्हा बाईंचंच चुकलं असं वाटलं होतं. त्यानंतर तू एकदा आलास, स्वयंपाकाला गुरम्माला लावून दिलंस, पुढच्या खोलीत कोपऱ्यात कॅमेरा बसवलास, म्हणजे कुठूनही आई दिसेल, आणि गेलास. त्याला अडीच वर्षं झाली. तू त्यांना रोज बघतोस, गुरम्मा सुट्टीवर गेली की अर्ध्या तासात तुझा फोन येतो, त्यामुळे तुला काळजी नाही असं कुणी म्हणू शकत नाही. मीही अक्काची फरशी रोज धूत होतोच. पण तुझे मेसेज यायचे ते महिन्यातून एखादे, ‘गोळी घेतलीस का’ एवढेच. बाईंना तेव्हापासूनच डोळ्यांमुळे वाचता येत नव्हतं. दुपारी त्या मला मागच्या अंगणात शेवग्याखाली बसवायच्या, फोन माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, बघ काय लिहिलंय आलोकनं. पहिल्या दिवशी काहीच नव्हतं. मला ‘काही नाही’ म्हणवेना. मी वाचलं, ‘आई, जेवलीस का? शेवग्याला शेंगा लागल्या का?’ बाई किती खूश झाल्या! उत्तर सांगू लागल्या, मी बोटं हलवत राहिलो, आणि काहीही पाठवलं नाही. दोन वर्षं हे चाललंय. तुझ्या नावानं मी तुझ्या आईला रोज लिहितो. इराच्या परीक्षा, तिकडचा पाऊस, तुझा खोकला, सगळं माझ्या मनचं. मला माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही, कारण यात मला सुख होतं.

परवा अक्काचं ऐकून झाल्यावर बाईंनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, “नजीर, माझा मुलगा मला जेवलीस का असं जन्मात विचारणार नाही. तो औषध विचारतो. जेवणाचं तू विचारतोस. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.” मी म्हटलं, मग इतके दिवस बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, “तू वाचायला येत होतास ना रे.” त्यानंतर त्यांनी सांगितलं ते असं. उजवा डोळा गेलाच आहे. डाव्यात काचबिंदू वाढला, नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की उन्हाळा संपेपर्यंत उजेड राहील, पुढे नाही. मला शपथ घातली होती तुला न सांगण्याची, ती मी आज मोडली. रोज सहा वाजता त्या धुतलेलं पातळ नेसतात, केस विंचरतात आणि कॅमेऱ्यापुढच्या खुर्चीत दिवे लागेपर्यंत ताठ बसून राहतात. मला वाटायचं त्या टीव्ही ऐकतात. काल त्यांनी तुला लिहायला एक निरोप सांगितला आणि बजावलं, या वेळी खरंच पाठव, एक शब्द तुझा घालू नकोस. म्हणून फोन नाही, हा कागद. निरोप असा: “आलोक, मी रोज तुझ्यासमोर बसते. तुला मी दिसते, मला तू दिसत नाहीस. थोडा उजेड शिल्लक आहे, तेवढ्यात येऊन जा.”

तुझाच,
नजीर